मारुतीची शेपटी आणि बाणाची काठी

दिवाळीत आपल्या अंगणातून जो बाण सोडला जातो, त्याकडे आज जरा निराळ्या नजरेने पाहू. कागदाच्या नळीत दारू ठासलेली असते, खाली वात असते, आणि नळीच्या बाजूला एक लांब काठी बांधलेली असते. नळी चार बोटांची आणि काठी हातभर. पोराला विचारा, ही काठी कशाला? तो म्हणेल, बाटलीत उभा करायला. उत्तर अगदीच चूक नाही. पण काठी मोडलेला बाण कुणी चुकून पेटवला, तर तो आभाळात जात नाही. तो अंगणभर सापासारखा वळवळतो, गोठ्याकडे धावतो, माणसांची पळापळ होते. म्हणजे काठीचे खरे काम बाण जमिनीवरून सुटल्यानंतर सुरू होते. तिला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या शाळेतल्या मुलांना आजही करून पाहता येईल अशी एक गोष्ट आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. बाण म्हटले की रामाचा धनुष्यबाण आठवतो. परंतु अठराव्या शतकातील लढायांच्या हकीकतींत बाण म्हणजे दारूचा बाण, ज्याला आज आपण रॉकेट म्हणतो तो. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू नळीत ठासायची, नळी बांबूला बांधायची आणि शत्रूच्या दिशेने सोडायची. पानिपतच्या रणात, १७६१ साली, काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने लढाईची हकीकत फारसीत लिहिली आहे. नजीबखानाचे रोहिले एका वेळी दोन दोन हजार बाण सोडत होते आणि त्यांच्या भयंकर आवाजाने घोडे बिथरत होते, असे तो सांगतो. बाण नेमका कुठे पडेल याची खात्री नसे. पण हत्तीघोड्यांच्या फौजेत तो सुसाटत आला, तर माणसापेक्षा जनावर आधी धीर सोडते, हे बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

हा झाला रणातला बाण. आता करमणुकीतला बाण पाहू, कारण आपली खरी गोष्ट तिथे आहे.

'पेशव्यांची बखर' या ग्रंथात एक सुरेख प्रसंग येतो. महादजी शिंदे उत्तरेतून आले आणि सवाई माधवरावांना त्यांनी राजपुतान्यातील कोटा शहराच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. चार दिवस लाखो दिवे लागतात, आणि कोट्याचा राजा गावाबाहेर दारूची लंका उभी करतो. मध्ये रावण, भोवती राक्षस, वानर, लंकेची घरे, आणि एक मोठा मारुती, सगळे दारूचे. मारुतीच्या शेपटीला आग लावायची. ती लागताच मारुती हवेत उडतो आणि लंकेची घरे पेटवत सुटतो! हे ऐकून तरुण पेशव्यांनी तसाच खेळ आपल्याला दाखवण्याची आज्ञा पाटीलबावांना केली. मग एका अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी ही दारूची लंका जळाली. पेशवे आणि सरदार पर्वतीवरून पाहत होते, आणि पुण्याच्या लोकांचीही मोठी गर्दी जमली होती.

महादजी १७९२च्या जूनमध्ये पुण्यास आले आणि १७९४च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. तेव्हा हा खेळ त्या पावणेदोन वर्षांतला. बखर पेशवाई बुडाल्यानंतरची आहे. तिच्यातला प्रत्येक शब्द हिशेबाच्या वहीसारखा मानू नये. पण भांडारकर संस्थेचे विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली हिंदुस्थानातील दारूकामाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा त्यांनी या प्रसंगाची आवर्जून नोंद घेतली. गोडे मूळचे देवरुखचे. कापूस, अत्तर, पोहे, दारूकाम अशा रोजच्या वस्तूंचा इतिहास जुन्या पोथ्यांतून शोधावा, हा त्यांचा ध्यास होता.

आता या मारुतीकडे कारागिराच्या नजरेने बघा. साधा बाण म्हणजे सरळ नळी, ती उडणे सोपे. पण इथे हात आहेत, पाय आहेत, डोके आहे. असला वेडावाकडा आकार हवेत सोडायचा आणि तो गिरक्या न घेता लंकेच्या दिशेने गेला पाहिजे, समोर पेशवे बसलेले! ज्याने हे केले, त्याला दारू किती भरावी एवढेच ठाऊक असून भागणार नव्हते. तोल कुठे येतो, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे.

हा तोलाचा हिशेब असा आहे. कोणत्याही उडणाऱ्या वस्तूत दोन जागा महत्त्वाच्या. पहिली वजनाची मधली जागा. वस्तू बोटावर आडवी धरली की जिथे तोलून राहते, ती. दुसरी वाऱ्याच्या पकडीची मधली जागा. वस्तू हवेत जराशी तिरकी झाली की वारा तिला जिथे धरून ढकलतो, ती. वजनाची जागा पुढे आणि वाऱ्याची पकड मागे असेल, तर वस्तू तिरकी होताच वारा तिची शेपूट मागे ढकलतो आणि नाक पुन्हा पुढे येते. उलट असेल, तर वारा तिला आणखी फिरवतो आणि ती कोलांट्या खाते. वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा असतो, त्याची शेपूट मोठी का असते? याच कारणासाठी.

काठी नेमके हेच करते. बांबू लांब असतो आणि हलका असतो. लांब असल्यामुळे वाऱ्याची पकड खूप मागे जाते, आणि हलका असल्यामुळे वजनाची जागा मात्र त्या मानाने थोडीच मागे सरते. शहापूर-मुरबाडच्या रानातला ठाकर, कातकरी किंवा वारली तीरकमठा हाती घेतो तेव्हा हाच नियम वापरतो. तीराचे टोक जड, शेपटाला हलकी पिसे. त्याने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नसते, पण उलटा तीर कोणी त्याच्या हाती दिला तर तो हसेल. पर्वतीच्या त्या मारुतीलाही लांब शेपूट होती. कथेत ती लंका जाळण्यासाठी असते. हवेत ती बाणाच्या काठीचे काम करू शकते. विचित्र आकार उडवण्याचा मार्ग दारूकामगाराला रामायणाने आयता दिला होता असे म्हटले, तर ते फार वावगे होणार नाही.

आता पुण्याहून दक्षिणेला, श्रीरंगपट्टणास चला. महादजी पुण्यास आले त्याच १७९२ सालच्या आरंभी तिथे टिपू सुलतानाशी युद्ध चालले होते, आणि हरिपंत फडके मराठी फौज घेऊन इंग्रजांच्या बाजूने तिथे हजर होते. म्हैसूरकरांचा बाण त्या काळी सर्वांत जबर होता, आणि त्याचे कारण होते लोखंड. कागदाची किंवा बांबूची नळी दारूच्या दाबाने लवकर फुटते. म्हैसूरच्या कारागिरांनी नळी लोखंडी पत्र्याची केली, त्यामुळे आत जास्त दारू ठासून भरता आली आणि बाण हजार वारांपर्यंत जाऊ लागला.

१७९९ साली टिपू पडला. त्यानंतर असे बाण विलायतेला गेले, आणि त्यांतले दोन लंडनजवळ वूलिच येथे तोफखान्याच्या संग्रहात राहिले. बंगळूरचे शास्त्रज्ञ रॉडम नरसिंह यांनी १९८५ साली या विषयावर निबंध लिहिला, त्यात त्यांची मापे आहेत. एकाची नळी १९८ मिलिमीटर लांब आणि ३७ मिलिमीटर जाड, चामड्याच्या पट्ट्यांनी १.९ मीटर लांबीच्या बांबूला बांधलेली. म्हणजे वीतभर नळी आणि पुरुषभर काठी. दुसऱ्याची नळी २५४ मिलिमीटर लांब, ५८ मिलिमीटर जाड, आणि ती काठीला नव्हे तर १.०२ मीटर लांबीच्या सरळ तलवारीच्या पात्याला बांधलेली! उडणारी तलवार. आकाराने हा बाण पर्वतीच्या मारुतीचाच भाऊबंद. पाते बांबूपेक्षा जड आणि आखूड, म्हणून तोल तितका चांगला नाही; पण असली वस्तू गिरक्या घेत फळीत शिरली, तर समोरच्याची काय गत होत असेल याची कल्पना करा. पुढे २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यात नगर येथील एका पडक्या विहिरीतून हजाराहून अधिक जुने लोखंडी बाण निघाले. म्हणजे हे काम एका-दोघांच्या हौसेचे नव्हते. मोठा कारखानाच तो.

इथे गोष्टीला वळण लागते. विल्यम काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने १८०४च्या सुमारास या बाणांचा विचार सुरू केला. आधी त्याने लंडनच्या बाजारातले मोठ्यांत मोठे शोभेचे बाण पदरच्या पैशाने विकत घेतले आणि उडवून पाहिले. ते सहाशे वारांपलीकडे जाईनात. हिंदुस्थानातले हजार वार जातात, हे त्याने ऐकले होते. मग त्याने नळी बदलली, दारू बदलली, प्रत्येक वेळी अंतर मोजले. काही महिन्यांत त्याचा बाण पंधराशे वारांवर गेला, नंतर दोन हजारांवर. १८०६ साली बुलोन आणि १८०७ साली कोपनहेगन या शहरांवर हे बाण पडले. बत्तीस पौंडी बाणाला पंधरा फुटांची काठी असे! पुढे १८१५च्या सुमारास त्याने काठी बाजूची काढून बरोबर मध्ये बसवली. १८४४ साली विल्यम हेल याने काठीच काढून टाकली, आणि धूर तिरप्या छिद्रांतून सोडून बाणाला भोवऱ्यासारखे फिरवले. भोवरा फिरताना पडत नाही, तसा बाणही सरळ राहिला.

जगाने या अस्त्राला काँग्रीव्हचे बाण म्हटले. म्हैसूरच्या लोहाराचे नाव कोणी घेत नाही, पर्वतीच्या मारुतीला दारू भरणाराचेही नाही. काँग्रीव्हने चोरी केली असे म्हणून पुष्कळ जण समाधान मानतात. मला तसे वाटत नाही. परक्याची वस्तू पाहून तीत सुधारणा करणे यात पाप नाही. आपणही ते नेहमी करतो. फरक असा की, काँग्रीव्हने कोणती नळी, किती दारू, किती अंतर हे टिपून ठेवले आणि पुस्तके छापली. आमच्या कारागिराची विद्या बापाकडून मुलाकडे गेली. मुलगा दुसऱ्या धंद्यात शिरला, की विद्या तिथेच संपली. बखरकारानेसुद्धा मारुती उडाल्याचे लिहिले, तो कसा उडवावा हे लिहिले नाही.

आपल्याकडे लिहून ठेवण्याची चालच नव्हती, असे मात्र समजू नका. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्यापर्यंत जा आणि तिथून नाणेघाट चढा. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती कार्षापण दिले, ते तिथे आकड्यांनिशी दगडात कोरले आहे. हिंदुस्थानातील आकड्यांच्या अगदी जुन्या खुणांमध्ये त्या लेखाची गणना होते. दानाचा हिशेब कोरून ठेवण्याजोगा वाटला. हातांच्या कामाचा हिशेब तसा वाटला नाही, हे आपले दुखणे.

टिपून ठेवल्याने काय होते त्याचे दोन दाखले देतो. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत ऑबर्न गावी रॉबर्ट गोडार्ड यांनी पातळ इंधनावर चालणारे जगातले पहिले रॉकेट उडवले. दिसायला ते मोठे विचित्र, जणू मांडवाची उघडी चौकट! इंजिन सर्वांत वर, आणि इंधनाच्या टाक्या खाली. इंजिन वरून ओढील आणि बाकीचा भार लंबकासारखा खाली सरळ लोंबेल, ही कल्पना. ते अडीच सेकंद उडाले, साडेबारा मीटर उंच गेले आणि ५६ मीटरांवर कोबीच्या मळ्यात पडले. इंजिन वर ठेवल्याने रॉकेट सरळ राहत नाही हे गोडार्ड यांना प्रयोगांतून उमगले, आणि पुढे त्यांनी इंजिन खाली नेले. पण त्या दिवसाचे आकडे त्यांनी वहीत लिहिले, म्हणून ते आज मी तुम्हांला सांगू शकतो.

दुसरा दाखला घरचा. केरळात थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी आपल्या भूमीवरून पहिले संशोधन रॉकेट सुटले. त्या उभारणीत विक्रम साराभाई यांच्याबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. पुण्याचे वसंत गोवारीकर यांनी पुढे घन इंधनाचे काम उभे केले. घन इंधन म्हणजे नळीत ठासलेले इंधन, आपल्या बाणाचेच पुढचे रूप समजा. त्यावर चालणारे चार टप्प्यांचे, सतरा टनांचे एस.एल.व्ही.-३ हे यान १० ऑगस्ट १९७९ रोजी उडाले आणि समुद्रात पडले. पण उड्डाणाचा प्रत्येक क्षण यंत्रांनी टिपला होता. दुसऱ्या टप्प्याला वळण देणाऱ्या यंत्रणेतले ॲसिड आधीच गळून गेले होते, असे त्यातून निघाले. वर्षही पुरे झाले नव्हते तो, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला.

आता गुरुजींसाठी आणि बाईंसाठी. हा मारुती तुमच्या शाळेत उडू शकतो. दारू मात्र मुळीच नको. परवान्याशिवाय स्फोटक बनवणे हा १८८४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पोरांची बोटे त्याहून मोलाची. आपण पाणी आणि हवा वापरू.

सोड्याच्या पेयाची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. काचेची किंवा पातळ पाण्याची बाटली नको. बाटलीचे तोंड ही मारुतीची मागची बाजू आणि बूड हे डोके. पुठ्ठ्याचे हात-पाय दोन्ही बाजूंना सारखे चिकटवा. तोंडाकडून मागे पुठ्ठ्याची लांब शेपूट आणि तीन पंख काढा. पाण्याची धार अडणार नाही एवढे पाहा. सगळी आकृती पुठ्ठ्यावर ठेवून तिची कड पेन्सिलीने आखा, ती कापा आणि पट्टीच्या धारेवर तोला. जिथे तोलेल ती ढोबळ मानाने वाऱ्याच्या पकडीची जागा. मग प्रत्यक्ष रिकामी बाटली बोटावर तोला. ती वजनाची जागा. वजनाची जागा डोक्याच्या बाजूला, निदान बाटलीच्या जाडीइतकी पुढे हवी. नसेल तर डोक्यावर थोडी माती थापा किंवा शेपूट वाढवा. शेवटी वजनाच्या जागी दोरी बांधून बाटली डोक्याभोवती गरगर फिरवा. डोके पुढे राहिले, तर मारुती उडेल. आडवा झाला, तर पुन्हा माती.

बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरा. तोंडाला घट्ट रबरी बूच लावा आणि बुचातून फुटबॉलमध्ये हवा भरण्याची सुई आरपार घाला. बाटली तोंड खाली करून चौकटीत उभी ठेवा, सुईला लांब नळी लावून लांबूनच सायकलचा पंप मारा. बूच सुटले की पाणी खाली, मारुती वर. मुले वीस पावले दूर, कोणी बाटलीवर वाकायचे नाही, पंप गुरुजींच्याच हाती. जागेचे काय? भात झोडून झाले की आपल्याकडची खाचरे मोकळीच असतात.

आणि शेजारी एक वही ठेवा. तारीख, पाणी किती, पंपाचे दाब किती, वारा कुठला, मारुती किती पावलांवर पडला, सरळ गेला की कोलांटी खाल्ली. कोलांटी खाल्लेली नोंद खोडू नका. तीच पुढच्या खेपेला उपयोगी पडते. नोंदीखाली आकृती ज्याने बनवली त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहा. शेपटीसाठी कोणा ठाकराच्या पोराने बांबूची काडी सुचवली आणि ती चालली, तर तेही लिहा, त्याच्या नावासकट. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती वही द्या, आणि त्यांना सांगा की पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, शेवटच्या पानाच्या पुढे लिहा.